झाकलेली सायकल

नव्याचे नऊ दिवस ही म्हण आपल्याकडे पुष्कळ गोष्टींना लावली जाते. परंतु सायकलीच्या बाबतीत ती जितकी चपखल बसते तितकी क्वचितच अन्यत्र बसत असेल. जूनमध्ये शाळा उघडते आणि त्याबरोबर काही भाग्यवंत विद्यार्थी नव्या सायकली घेऊन येतात. पहिला आठवडाभर सायकलीचे कौतुक काय वर्णावे! शिवणीच्या घंटीपासून मागच्या तांबड्या काचेपर्यंत सर्व काही रुमालाने पुसले जाते. दुसऱ्या कोणाची सायकल जवळ लागलेली दिसली की मालकाचा जीव वर्गात खालीवर होतो. आणि दुकानातून येताना सांगाड्याच्या नळ्यांवर गुंडाळलेले प्लॅस्टिकचे वेष्टन तर कोणी काढतच नाही. रंगावर ओरखडा उठू नये म्हणून ते तसेच ठेवले जाते. फाटले तर चिकटपट्टीने पुन्हा जोडले जाते. दिवाळी येते, नाताळ जातो, वेष्टन तेथेच असते. पुढे वर्षा-दोन वर्षांनी ते कुजून आपोआप गळून पडते, आणि मग आतून जे दिसते ते पाहून मालक चकित होतो. रंगाचे पोपडे सुटलेले असतात आणि त्याखाली तांबूस गंजाचे जाळे पसरलेले असते.

ज्या वेष्टनाने रक्षण करावयाचे त्यानेच घात केला, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. या लेखात मला एवढेच प्रतिपादन करावयाचे आहे की, पोलादी सायकलीचे रक्षण झाकल्याने होत नाही, पाहिल्याने होते. ओरखड्याला भिऊन जो सायकल झाकतो, तो गंजाला निवांत जागा करून देतो. जो ती उघडी ठेवून रोज तिच्यावरून नजर आणि फडके फिरवितो, त्याच्या सायकलीवर ओरखडे चार अधिक असतील. परंतु ती त्याच्या धाकट्या भावंडांनाही उपयोगी पडेल.

हा विषय आपल्या गावाला परका नाही. इंग्लंडमध्ये 1885 साली जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची आणि मागील चाकास साखळीने गती देणारी 'रोव्हर' सायकल तयार केली. आज आपण जी सायकल पाहतो तिचा घाट मुख्यतः तेथून आला. त्यानंतर थोड्याच वर्षांत सायकलीचा व्यापार बेळगावात सुरू झाला, आणि तो करणारे गृहस्थ होते लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधू रामचंद्रराव. लक्ष्मणराव मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ते तेथून सायकली पाठवीत आणि रामचंद्रराव त्या येथे विकीत व लोकांना चालवावयास शिकवीत. 1888 हे साल आपल्या प्रारंभाचे मानणारी 'किर्लोस्कर ब्रदर्स' ही संस्था अशा रीतीने आपल्याच गावच्या सायकलीच्या दुकानातून वाढली. नांगर, पंप आणि 1910 साली वसलेली किर्लोस्करवाडी हे सर्व पुढचे. ज्या गावात लोखंडी वस्तूंच्या एवढ्या मोठ्या कारखानदारीचे बीज सायकलीच्या रूपाने पडले, त्या गावच्या मुलांना सायकलीच्या लोखंडाची प्रकृती ठाऊक असावी, ही अपेक्षा काही अवाजवी नव्हे.

ती प्रकृती जाणून घेण्यासाठी प्रथम पायाखालच्या मातीकडे पाहू. आपल्या भागातील जांभा दगड आणि तांबडी माती यांचा रंग कशाचा आहे? तो लोखंड आणि प्राणवायू यांच्या संयुगांचा आहे. गोव्यातील खाणींतून जे लोहखनिज निघते तेही मुख्यतः लोखंडाचे ऑक्साइडच होय. म्हणजे निसर्गात लोखंड शुद्ध स्वरूपात सहसा सापडत नाही. ते प्राणवायूशी जोडलेल्या अवस्थेत सुखाने नांदत असते. आपण ते खनिज भट्टीत घालतो, कोळशाच्या साहाय्याने त्यातील प्राणवायू बळेच काढून घेतो, आणि त्यापासून पोलाद व पोलादापासून सायकलीच्या नळ्या करतो. परंतु लोखंडाची मूळची ओढ काही संपत नाही. संधी सापडताच ते पुन्हा प्राणवायूशी हातमिळवणी करते आणि आपल्या पूर्वीच्या तांबड्या रूपाकडे वळते. गंज म्हणजे लोखंडाने मातीकडे सुरू केलेला परतीचा प्रवास. सायकलीवर बसलेला चिखल आणि त्याखालचा गंज यांचा रंग आपल्या भागात इतका मिळताजुळता दिसतो, तो योगायोग नव्हे. म्हणूनच येथे गंज ओळखण्यात फसगत होण्याचा संभव अधिक. चिखल समजून ज्याकडे आपण दुर्लक्ष करतो तो कित्येकदा गंज असतो.

या प्रवासाला दोन सोबती लागतात, पाणी आणि प्राणवायू. प्रयोगशाळेतील तीन परीक्षानळ्यांचा प्रयोग विद्यार्थ्यांना आठवत असेल. साध्या पाण्यातील खिळा गंजतो. पाणी उकळून त्यातील हवा घालवून वर तेलाचा थर दिला, तर खिळा गंजत नाही. कॅल्शियम क्लोराइड ठेवून कोरड्या केलेल्या हवेतील खिळाही गंजत नाही. दोघांपैकी एकाला दूर ठेवले की काम भागते. त्यात मीठ मिसळले तर मात्र गंजाचा वेग फार वाढतो. म्हणून सुटीत गोव्याच्या किनाऱ्यावर मामाकडे नेलेली सायकल महिन्याभरात तांबूस होऊ लागते. घामातही मीठ असते, हे आपण विसरतो. हँडलवरून आणि कपाळावरून वरच्या नळीवर ठिबकणारा घाम हे समुद्राच्या वाऱ्याचेच धाकटे रूप आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ॲल्युमिनियमवर जो ऑक्साइडचा थर चढतो तो घट्ट चिकटून आतील धातूचे रक्षण करतो. पोलादाच्या गंजाचे तसे नाही. तो मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, सच्छिद्र असतो आणि पोपड्यासारखा सुटतो. त्यामुळे खालचे नवे लोखंड पुन्हा हवापाण्यास उघडे पडते. गंजाला 'येथवर पुरे' असे म्हणणे माहीत नाही.

येथे कोणी दिल्लीच्या लोहस्तंभाचे उदाहरण देईल. गुप्तकाळातील तो स्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे, त्याला गंज का चढला नाही? सात मीटरांहून उंच आणि सहा टनांहून अधिक वजनाच्या त्या स्तंभाच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक आहे, आणि त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावर एक अत्यंत पातळ पण चिवट संरक्षक थर निर्माण झाला, असे धातुशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. दिल्लीच्या कोरड्या हवेचीही त्याला मदत झाली. सायकलीच्या पोलादात असा गुण नाही. तिचा संरक्षक थर म्हणजे कारखान्यात दिलेला रंग, एवढाच. पण स्तंभापासूनही घेण्यासारखा एक धडा आहे. येणारे-जाणारे लोक त्याला मिठी मारीत, हात घाशीत. त्या घर्षणाने तेथील थर झिजू लागला, म्हणून 1997 साली त्याभोवती कुंपण घालावे लागले. सोळाशे वर्षे टिकलेल्या कवचालाही रोजचे घासणे मानवले नाही. मग कारखान्यातील पातळ रंगाची काय कथा?

आता झाकण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा पाहू. पहिली वर सांगितलेली वेष्टनाची. प्लॅस्टिक आणि रंग यांच्यामध्ये पावसाचे पाणी केशाकर्षणाने शिरते. एकदा शिरलेले पाणी वाऱ्याने वाळू शकत नाही. उघड्या नळीवर जे पाणी तासाभरात सुकले असते ते वेष्टनाखाली चार चार दिवस राहते. त्याबरोबर बारीक वाळूही आत जाते, आणि सायकल हादरली की ती वाळू पॉलिशपेपरप्रमाणे रंग घासते. म्हणजे ज्या ओरखड्याच्या भयाने वेष्टन ठेवले तो ओरखडा आतल्या आत पडतच असतो, केवळ दिसत नाही. दुसरी तऱ्हा जुन्या ट्यूबच्या पट्ट्या वरच्या नळीवर घट्ट गुंडाळण्याची. रबर दणके सोसते हे खरे. परंतु पावसाळ्यात पंधरा दिवसांनी ती सोडून खालची जागा पुसली नाही, तर तिचे गुणही दोषच ठरतात. तिसरी तऱ्हा रंगीबेरंगी चित्रे चिकटविण्याची. त्यांच्या कडा सुटल्या की तेथे पाणी दबा धरून बसते. चौथी तऱ्हा सर्वांत आदरणीय दिसणारी. पावसात भिजून आलेली सायकल तशीच परसात उभी करून तिच्यावर जाड ताडपत्री जमिनीपर्यंत सोडणे! ही ताडपत्री म्हणजे ओल्या मुलाला न पुसता रजईत गुंडाळण्यासारखे आहे. आच्छादन घालावयाचेच तर सायकल आधी कोरडी करावी आणि खालून वारा खेळेल एवढी जागा ठेवावी. वर पत्र्याचे साधे छप्पर आणि दोन बाजू मोकळ्या, ही व्यवस्था कोणत्याही ताडपत्रीपेक्षा बरी.

झाकणाऱ्याचे मूळ भय ओरखड्याचे असते, म्हणून ओरखड्यांचाही विचार केला पाहिजे. रस्त्यावर धावणाऱ्या सायकलीला ओरखडा पडणारच. परंतु कोठे पडतो आणि का पडतो, हे पाहिले तर त्यांपैकी निम्मे टाळता येतात. ब्रेकची वायर हँडलखालच्या आखूड नळीवर रोज घासते; तेथे रबराचा चार बोटे तुकडा वायरीवर चढविला की काम झाले. साखळीचे कुलूप सीटखालच्या नळीभोवती लोंबत राहते आणि प्रत्येक खड्ड्यात आपटते. जुन्या ट्यूबमध्ये ती साखळी ओवावी. येथे रबर कुलपाला घातले आहे, सांगाड्याला नव्हे. ही खुबी ध्यानात घ्यावी. पुढच्या चाकाने उडविलेली खडी खालच्या तिरक्या नळीच्या पोटावर बसते, म्हणून पुढील मडगार्डला रबराची झडप लावावी. दप्तराची बकले, कॅरिअरला बांधलेली दुधाची किटली, भाजीची लोखंडी कडीची पिशवी यांचे ओरखडे मालकाला दिसतही नाहीत, कारण ते मागच्या बाजूला असतात. सर्वांत अधिक जखमा मात्र शाळेच्या सायकल-तळावर होतात. घंटा झाली की उशीर झालेला विद्यार्थी आपली सायकल दुसऱ्याच्या सायकलीत घुसवितो. सुटल्यावर ती ओढून काढतो. एक पडली की पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणे सारी रांग कोसळते. हँडलचे टोक शेजारणीच्या वरच्या नळीत रुतते. दुसऱ्याच्या सायकलीवर आपण पाडलेला ओरखडा सांगून टाकणे, ही मला वाटते शाळेत शिकण्याजोग्या गोष्टींपैकी एक महत्त्वाची गोष्ट आहे. कारण न सांगितलेला ओरखडा पावसाळ्याच्या हवाली होतो.

ओरखडे सगळे सारख्या योग्यतेचे नसतात. नखाला लागत नाही आणि ज्यातून केवळ रंगाचा तुकतुकीतपणा गेला आहे, तो ओरखडा सायकलीचे वय दाखवितो. त्याने काही बिघडत नाही आणि त्याबद्दल शोक करू नये. ज्यात नख अडकते पण तळाशी रंगाचे अस्तर दिसते, त्यावर लक्ष ठेवावे. ज्याच्या तळाशी पांढुरके चकचकीत पोलाद दिसते, तो मात्र त्याच दिवशी बंद करावा. पाणी अशा ओरखड्याच्या कडेने रंगाखाली सरपटत जाते आणि वरून राईएवढ्या दिसणाऱ्या डागाखाली रुपयाएवढा गंज पसरतो. त्या दिवशी रंग हाती नसेल तर पुसून, वाळवून थोडे व्हॅसलिन किंवा ग्रीस लावावे. बहिणीची नखे रंगविण्याची बाटली मिळाली तर तिचा एक थेंबही चार दिवस पहारा करील. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा हे पुष्कळ बरे.

कायमचा उपाय करावयाचा तो मात्र सावकाश केला पाहिजे. प्रथम जागा धुऊन पूर्ण कोरडी करावी. बारीक पॉलिशपेपरने गंज घासून स्वच्छ धातू दिसू द्यावा आणि सभोवारच्या रंगाची कडही थोडी उतरती करावी. घासल्यानंतर तेथे बोट लावू नये. बोटाचा घाम पुरेसा असतो. स्पिरिटमध्ये भिजविलेल्या स्वच्छ फडक्याने पुसून रेड ऑक्साइडच्या अस्तराचा एक पातळ हात द्यावा, तो वाळू द्यावा, आणि मग इनॅमल रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. एक जाड हात देऊन वेळ वाचविणारा मनुष्य वरून वाळलेला आणि आतून ओला रंग पत्करतो. पूर्वीचे रंगारी अस्तरासाठी शेंदूर वापरीत. त्याने लोखंडाचे रक्षण उत्तम होई, परंतु शेंदूर हे शिशाचे संयुग असल्याने विषारी आहे. घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा घालणारे नियम आपल्या देशात 2016 साली झाले. म्हणून आजोबांच्या वेळची सायकल घासावयाची असेल तर ती पाण्याने ओली करून घासावी, धूळ उडू देऊ नये, आणि हे काम वडील माणसांच्या देखरेखीखाली करावे.

येथेही झाकण्याचा मोह आडवा येतोच. गंजावरच रंगाचा हात फिरविला की सायकल दसऱ्याला नवी दिसते. मार्गशीर्षात तो रंग फुगतो आणि पुढील आषाढात पोपड्यांसह निघतो. पॅरिसचा आयफेल मनोरा 1889 साली लोखंडाचा उभारला गेला आणि साधारणतः दर सात वर्षांनी त्याला नवा रंग दिला जातो. परंतु रंग देण्यापूर्वी सुटलेला जुना रंग व गंज खरवडून काढावा लागतो. तीनशे मीटरांच्या मनोऱ्याला ज्या क्रमातून सुटका नाही, त्यातून तीन हातांच्या सायकलीला कशी मिळेल?

आतापर्यंत बाहेरच्या शत्रूचा विचार झाला. सायकलीचा खरा दगा मात्र आतून होतो. सांगाड्याच्या नळ्या पोकळ असतात आणि आतून बहुधा रंगविलेल्या नसतात. सीटच्या दांड्याच्या कडेने पावसाचे पाणी आत उतरते. दिवसाच्या उन्हाने आणि रात्रीच्या गारव्याने आतील हवेतील ओलावाही दवासारखा भिंतींना धरतो. हे सारे पाणी उतरत उतरत पॅडलचा आस बसतो त्या सर्वांत खालच्या नळकांड्यात साचते. बाहेरून चकचकीत दिसणारी सायकल एके दिवशी नेमकी तेथेच मोडते, ती यामुळे. उपाय कठीण नाही. पावसाळा संपताच सीट दांड्यासह उपसून काढावी, सायकल उलटी करून पाणी ओघळू द्यावे आणि दिवसभर कोरड्या जागी वारा लागेल अशी ठेवावी. खालच्या नळकांड्याला पाणी जाण्याचे बारीक भोक असेल तर त्यातील चिखल तारेने काढावा. नंतर सीटच्या नळीतून थोडे जवसाचे उकळलेले तेल, ज्यास रंगारी बेलतेल म्हणतात, ते सोडून सायकल सर्व बाजूंनी कलती करावी म्हणजे आत त्याचा पातळ पापुद्रा धरतो. या तेलाचे फडके मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. वाळताना ते तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते. ते पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवावे. सीटच्या दांड्याला ग्रीस लावूनच तो परत बसवावा. नाही तर दोन पावसाळ्यांनी तो नळीशी एकजीव होतो आणि धाकट्या भावाला तीच उंची आयुष्यभर सोसावी लागते!

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की, आता गंजरहित ॲल्युमिनियमच्या सायकली मिळतात, मग पोलादाचे एवढे लाड कशाला? ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही हे खरे. पण खारट हवेत, विशेषतः पोलादाशी संपर्क असेल तेथे, तेही खाल्ले जाते. पोलादाची नळी तडकली तर तालुक्याच्या गावातील वेल्डिंगवाला ती सांधू शकतो. ॲल्युमिनियमचे काम प्रत्येकाला जमत नाही. शिवाय सामान्य घरात आहे ती सायकल पोलादाचीच आहे, आणि जे आपल्याकडे आहे त्याची निगा राखणे हा पहिला व्यवहार आहे. दुसरा आक्षेप वेळेचा. रोज पुसण्यास दोन मिनिटे, आठवड्यातून पाव तास आणि वर्षातून एक सबंध दिवस. याहून अधिक वेळ हे काम मागत नाही. पाणीही बादलीभर पुरते. उलट जोराच्या फवाऱ्याने धुण्याचा उत्साह टाळावा, कारण तो छऱ्यांमधील ग्रीस घालवून तेथे पाणी भरतो. राख आणि काथ्या भांड्यांसाठी ठेवावेत. तिसरा आक्षेप मात्र मला चिंताजनक वाटतो. 'गंजली तर भंगारात देऊ, नवी घेऊ,' असे आता मुलेही सहज म्हणतात. ज्यांना ते परवडते त्यांनी क्षणभर इतरांचा विचार करावा.

कर्नाटक शासनाने 2006-07 पासून आठवीतील विद्यार्थी-विद्यार्थिनींना सायकली देण्याची योजना अनेक वर्षे राबविली. त्या सायकलींनी काय केले हे आपल्या सीमाभागातील खेडोपाडी विचारावे. चार-पाच मैलांवरच्या शाळेत जाणे ज्या मुलींना घरून कठीण होते, त्यांच्या पायांखाली रस्ता आला. ती सायकल एका मुलीला एकदाच मिळाली. तीन वर्षे नीट चालली तर मुलगी दहावीपर्यंत पोहोचते, सहा वर्षे चालली तर तिच्यामागची बहीणही पोहोचते. आणि दुसऱ्याच पावसाळ्यात खालचे नळकांडे मोडले तर बसच्या पैशांचा प्रश्न घरात उभा राहतो. अशा वेळी प्रथम कोणाचे शिक्षण थांबते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणून सायकलीवरचा गंज हा केवळ शोभेचा प्रश्न आहे असे मानणे मला मान्य नाही. ज्या घरात एकच सायकल आहे त्या घरात तो शिक्षणाचा प्रश्न आहे.

या कामी केवळ विद्यार्थ्यांना उपदेश करून शाळांनी मोकळे होऊ नये. सायकल-तळावर छप्पर असावे, जमिनीवर पाणी साचू नये, आणि दोन सायकलींत हँडल मोकळे राहील एवढे अंतर आखलेले असावे. तळाच्या एका खांबाला कोरडी फडकी, तेलाची कुपी, पॉलिशपेपर आणि काळ्या रंगाचा लहान डबा असलेली एक पेटी असावी. शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास वरच्या वर्गातील चार विद्यार्थ्यांनी खालच्या वर्गातील मुलांच्या सायकली तपासाव्यात. कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुले अवश्य करावीत. परंतु त्यांतील दोन तास सायकल उघडून बसविण्यास दिले तर रसायनशास्त्रातील गंजाचा धडा पाठ करावा लागणार नाही. या पेटीला येणारा खर्च स्नेहसंमेलनाच्या पताकांहून कमीच असेल.

आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा होते. सायकलीलाही त्या दिवशी झेंडूची माळ आणि गंधाचा टिळा मिळतो. पूर्वजांनी हा दिवस पावसाळ्याच्या अखेरीस योजिला, यात मला मोठे औचित्य दिसते. चार महिने ओल खाल्लेली अवजारे बाहेर काढावीत, घासूनपुसून, तेल लावून पुढच्या कामाला सिद्ध करावीत, ही त्या पूजेची व्यावहारिक बाजू आहे. ज्यांच्या घरी हा सण नसतो त्यांनी पाऊस थांबल्यानंतरचा पहिला रविवार धरावा. आदल्या दिवशी सीट उपसून पाणी काढावे, ओरखडे मोजावेत, अस्तर द्यावे; आणि दुसऱ्या दिवशी माळ घालावी. पूजेनंतर नारळाचे पाणी आणि ओले कुंकू पुसून टाकावे, म्हणजे भक्तीचाही गंज व्हावयाचा नाही.

विद्यार्थिमित्रहो, यंदा ज्यांच्या घरी नवी सायकल येईल त्यांनी पहिल्याच संध्याकाळी तिच्यावरचे ते प्लॅस्टिक काढून टाकावे. ज्यांची सायकल जुनी आहे त्यांनी हा अंक बाजूला ठेवून एक कोरडे फडके घ्यावे, आणि मागच्या चाकाजवळची, खालच्या नळकांड्याभोवतीची, सहसा न दिसणारी जागा एकदा पुसून पाहावी. फडक्यावर जो तांबडा रंग येईल तो चिखलाचा की गंजाचा, एवढे ओळखता आले तरी या लेखाचे काम झाले असे मी समजेन.